लोकल लागेपर्यंत

जे आता लिहितोय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लोकलची गाडी मला मिळत नव्हती, हे खोटं आहे. ती मला तीनदा देऊ केली होती. तिन्ही वेळा मी नको म्हणालो आणि तिन्ही वेळा घरी बायकोला सांगितलं, "जागा न्हाय."

आमच्याकडे लोकल म्हणजे आगगाडी नव्हे. उरणच्या बाजूला, बंदराच्या आसपास, ट्रेलर चालवणाऱ्यांचे दोनच प्रकार: लोकलवाले आणि लाईनवाले. लोकलवाला बंदरातून कंटेनर उचलतो, आठ-दहा किलोमीटरवरच्या यार्डात उतरवतो आणि पुन्हा येऊन रांगेत लागतो. धूळ खातो, गेटवाल्यांची बोलणी खातो, पण डबा घरचा खातो आणि पाळी संपली की आपल्या अंथरुणावर आडवा होतो. लाईनवाला तोच कंटेनर घेऊन हैदराबाद, नागपूर, लुधियाना करतो. एकदा निघाला की बारा-पंधरा दिवस घरच्यांना त्याचा फक्त फोनवरचा आवाज. टपरीवर चहा पिताना दोघांची कायम जुंपलेली असते. लोकलवाला म्हणणार, "तुमी काय बाबा, राजे! नुसता मोकला रस्ता." लाईनवाला म्हणणार, "ये ना मग तू पण. आधी बायकोला इचारून ये." की सगळे हसणार. मीही हसायचो. मी अठरा वर्षं लाईनवर काढली. त्यातल्या शेवटच्या नऊ वर्षांत मला तिथे असण्याचं काही कारण नव्हतं.

म्हणजे कारण होतं. ते घरात, पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडलेलं होतं.

माझे वडील मिठागरात राबलेले. मिठाच्या पाट्या वाहून वाहून त्यांची मान बैलासारखी झाली होती. मिठागरं बुजली, त्यांच्यावर यार्ड उभी राहिली, तरी संध्याकाळ झाली की ते उरलेल्या बांधावर जाऊन उभे राहायचे. साठी ओलांडल्यावर एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचेतला एकच शब्द उरला, न्हाय. पाणी हवं असलं तरी न्हाय, पोटात दुखलं तरी न्हाय, नात शाळेतून आली की तिच्याकडे बघून हसत न्हाय. सूर तेवढा वेगळा असायचा. माझी बायको ते सगळे सूर पंधरा दिवसांत शिकली. मी शिकलो नाही.

हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं तेव्हा मी आठ दिवस रजेवर होतो. तिसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली असताना त्यांनी अंथरूण घाण केलं. घरात मी एकटा. मी बादली आणली, चादर ओढली, त्यांना कुशीवर वळवायला वाकलो. त्यांनी चांगल्या डाव्या हाताने माझ्या छातीवर धक्का दिला. न्हाय. मी पुन्हा वाकलो, पुन्हा धक्का. मग ते रडायला लागले, तोंड वाकडं करून, आवाज न करता. मी बादली तिथेच ठेवली आणि बाहेर जाऊन बायकोची वाट बघत उभा राहिलो. ती अर्ध्या तासाने आली. अर्धा तास माझे वडील तसेच पडून होते आणि मी दारात उभा राहून समोरच्या घराचे पत्रे मोजत होतो.

ती पिशवी टाकून आत गेली. आतून तिचं काहीतरी हळू बोलणं ऐकू आलं, पाण्याचा आवाज आला, त्यांचा आवाज काही आला नाही. बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "लाजतात तुमाला. व्हईल सवय."

मी मनात धरलं की त्यांना माझा हात चालत नाही. हे पुढे नऊ वर्षं मी फार जपून वापरलं. खरं असं आहे की मला त्यांच्या अंगाला हात लावायचा नव्हता. मला किळस आली होती. बापाची किळस आली, एवढे तीन शब्द लिहायला मला एवढी वर्षं लागली.

आमचा गाडीमालक आमच्याच गावातला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सगळे त्याला शेठ म्हणतात म्हणून मीही म्हणतो. तो मला दादा म्हणतो. वडिलांचं कळल्यावर महिन्याभरात त्याने मला बोलावून घेतलं.

"दादा, तू लोकलला ये. काका असे पडलेत, घरात बाईमाणूस एकटी. एक गाडी ठेवतो तुझ्यासाठी."

"नको शेठ. त्या रांगेत बसून माझी कंबर जाते."

"आणि लाईनला काय कंबर येते?" तो हसला. मीही हसलो. मग त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाला, "बघ बाबा. तुझी मर्जी."

घरी आलो. बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली.

"बोललात का शेठशी?"

"बोललो."

"मग?"

"जागा न्हाय."

ती एवढंच म्हणाली, "लागंल. आज न्हाय तर उद्या." आणि माझ्या भातावर आमटी वाढली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी घरी असताना तिने हट्ट धरला, हरिहरेश्वरला जाऊन येऊ. चुलतीला वडिलांपाशी बसवलं, मित्राची मोटार मागून घेतली, पोरीला घेतलं आणि आगरदांड्याला बोटीत गाडी चढवून पलीकडे दिघीला उतरलो. पोरगी तेव्हा सहावीत होती, बोटीच्या कठड्याला लटकून आनंदात. देवळात बायको खूप वेळ हात जोडून उभी राहिली. मी बाहेर तिघांच्या चपला सांभाळत होतो.

परत येताना दिघीला बोट सुटायला वेळ होता. धक्क्याजवळच्या टपरीत मी सुरमईच्या दोन थाळ्या आणि पोरीला भाकरी-बोंबील सांगितले. थाळी आली तशी बायकोने ती बोटाने पुढे सरकवली.

"मी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"म्हावरं. तुमाला लोकल लागंपर्यंत."

पोरीने बोंबील हातात धरून विचारलं, "आये, सुकट पण न्हाय?"

"सुकट पण न्हाय."

"जवला?"

"जवला पण न्हाय गो."

"मग पावसात काय खाशील?"

"तुझं डोकं," ती म्हणाली आणि दोघी हसल्या.

आगरी घरातल्या बाईने म्हावरं सोडणं काय असतं ते बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. आमच्याकडे जेवलास का असं विचारत नाहीत, आज काय म्हावरं होतं असं विचारतात. पोरीच्या जन्मानंतर ती बाजेवर होती तेव्हा तिची आई रोज निवट्यांचं कालवण घेऊन खाडीपलीकडून चालत यायची. मटण-कोंबडीचं तिला कधी काही वाटलं नाही. देवासमोर ठेवण्यासारखं तिच्याकडे जे एकच होतं ते तिने ठेवलं होतं, आणि ते माझ्या एका खोटेपणावर ठेवलं होतं.

मी तिथेच बोलू शकलो असतो. पोरगी हात धुवायला गेली होती. बोलायला चार मिनिटं पुरली असती. ती रडली असती, बोटीवर माझ्याशी बोलली नसती, आणि मी पुढच्या सोमवारी लोकलला लागलो असतो. लोकलला लागलो असतो, इथेच तर सगळं अडलं. मी थाळीकडे बघत बसलो.

"गार व्हईल," ती म्हणाली. "फुकट कशाला घालवता, तुमीच खावा."

मी खाल्ली. दोन्ही थाळ्या खाल्ल्या.

तिथून पुढे नऊ वर्षं. माझी म्हणण्यापेक्षा तिचीच. मी कधी नागपूरच्या पुढे टायर बदलत असायचो, कधी लुधियानाच्या गोदामाबाहेर नंबर लागायची वाट बघत गाडीखालीच डाळ शिजवायचो, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटायचं. लाईनचे हाल मी घरी रंगवून सांगायचो, झोप नाही, पाणी नाही, पोलीस त्रास देतात. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण गाडी सुरू करून खाडीपूल ओलांडला की छातीवरचा दगड उतरल्यासारखं व्हायचं, हे मी सांगायचो नाही.

वडील भात-आमटी जेवायचेच नाहीत. घशातून न्हाय करत बाहेर काढायचे. त्यांना म्हावरं लागायचं. एका बाजूने तोंड चालत नसल्यामुळे काटा गेला तर कळायचा नाही, म्हणून बायको मांडीवर ताट घेऊन बोटाच्या टोकांनी काटे काढायची. बोयटाचा एकेक काटा, केसासारखा. बोटांनी चिवडून चिवडून तो गोळा भातात मिसळायची आणि घास भरवायची. बुधवार, शुक्रवार, रविवार. मग हात धुवून आत जायची आणि स्वतः लसणीच्या चटणीशी भाकरी खायची. मी घरी असलो की माझ्यासाठीही तळायची.

दारावर म्हावरं घेऊन येणारी कोळीण तिची थट्टा करायची. पाटी उतरवून ओट्यावर बसकण मारायची आणि ओरडायची, "अगो, तुझा देव काय लाईनवर गेलाय का? कवा यायचा परत?"

"येईल," बायको कोलंबी निवडत म्हणायची. "लांबचा माल असंल."

दोघी मोठ्याने हसायच्या. मी आतल्या खोलीत असलो तर ऐकायचो.

दुसऱ्या वेळी शेठ घरीच आला. नवस केल्याला दोन वर्षं झाली होती. वडिलांना बघायला म्हणून आला, खाटेच्या कडेला बसला. बायको नळावर गेली होती. मी चहा टाकायला उठलो तेवढ्यात त्याने त्यांना सांगून टाकलं. "काका, तुमच्या पोराला समजवा. लोकल देतो म्हटलं तर नको म्हणतो. आता पण एक गाडी हाय."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात त्यांचा मारही खाल्लाय, पण तसं बघणं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "न्हाय."

शेठ हसला. "बघ! काकाही न्हायच म्हणतात." मी म्हटलं, "राहू दे शेठ, दुसऱ्या कोणाला दे." तेवढ्यात बायको हंडा घेऊन आली आणि बोलणं पावसावर गेलं.

त्या दिवसापासून वडील तिला सांगत होते. ती घास भरवायला बसली की ते डावा हात उचलून माझ्याकडे दाखवायचे. न्हाय. न्हाय, न्हाय. डोळे मोठे करून, कपाळाची शीर उभी राहीपर्यंत. आणि ती, जिला त्यांचे सगळे सूर कळायचे, ती या एका सुराला फसली. "व्हय मामा," ती म्हणायची, "न्हाय लागले अजून. लागतील, देव हाय ना. तुमी जेवा." ते डोकं हलवायचे, घास तोंडातून पडायचा. ती तो उचलायची, तोंड पुसायची. मी समोर बसून जेवत असायचो. एकदा तर ती कौतुकाने मला म्हणाली, "बघा, तुमची किती काळजी हाय त्यांना."

मी घरी असलो की हे व्हायचं. हळूहळू मी घरी कमी राहायला लागलो. गाडी यार्डात लावायची आणि दुसऱ्याच दिवशी पुढचा माल मागायचा.

तिसरी वेळ सगळ्यात वाईट. ती स्वतः शेठच्या ऑफिसात गेली. मला न सांगता, साडी बदलून, पोरीला घेऊन. मी बेळगावच्या अलीकडे होतो तेव्हा शेठचा फोन आला.

"दादा, वहिनी येऊन बसल्यात बाहेर. लोकल द्या म्हणतात. त्यांना काय ठावच न्हाय वाटतं?"

मी गाडी कडेला घेतली.

"पाया पडली रे माझ्या. माझ्या आईसारखी ती, मना लाज वाटली. काय सांगू?"

"जागा न्हाय सांग."

"गाडी उभी हाय इथं, डायवर न्हाय म्हणून."

"शेठ, सांग तेवढं."

पलीकडे त्याने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सांगतो. पण यापुढे मी तुला इचारणार न्हाय." त्याने शब्द पाळला. त्याला अर्धं माहीत आहे. नवसाचं त्याला माहीत नाही, आणि मी का नको म्हणत होतो तेही त्याने कधी विचारलं नाही.

वडील गेले तेव्हा मी हैदराबादला माल उतरवत होतो. दुपारी जेवले, कूस बदलून द्या अशी खूण केली, ती वळवायला गेली तर संपलेले. चुलतभावाने अग्नी दिला. मी पोचलो तेव्हा खाट उभी करून भिंतीला टेकवली होती आणि खोली धुतलेली होती. फिनाईलचा वास होता. बायको मला धरून रडली. म्हणाली, "शेवटपर्यंत तुमचंच काहीतरी सांगत होते."

तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी मी शेठकडे गेलो आणि म्हटलं, लोकल दे. तो जेवत होता. घास हातात धरून त्याने माझ्याकडे बघितलं.

"आता?"

एवढंच बोलला. पण गाडी दिली.

घरी सांगितलं तेव्हा बायको मटकन खाली बसली. मग उठून देवापाशी दिवा लावला. "मामांनीच वर जाऊन सांगितलं," ती म्हणाली. मी मान हलवली.

त्या रविवारी कोळणीने पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट काढून ओट्यावर ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत. "घे बाय, तुझा देव आला एकदाचा." बायकोने ते तळलं, पोरीला आणि मला बसवलं, स्वतःचं ताट वाढून घेतलं. पहिला तुकडा तोडला आणि तिची बोटं आपोआप काटे काढायला लागली. पापलेटाला काटे ते किती! तरी ती चिवडत राहिली. मग घास तोंडाजवळ नेला आणि उठून मोरीकडे पळाली.

आल्यावर तोंड पुसत म्हणाली, "मामांच्या खोलीचा वास येतो वो ह्याला."

नंतर दोन-तीनदा तिने करून बघितलं. निवटे केले, सुकट भाजली. जमलं नाही. तिला अजूनही जमत नाही. कुणी विचारलं तर हसून सांगते, नवस पावला पण तोंड घेऊन गेला. हातांची सवय मात्र गेली नाही. मी जेवायला बसलो की ती बोलता बोलता माझ्या ताटातली तुकडी आपल्याकडे ओढते, काटे काढते आणि परत सरकवते. मी तीन वर्षं लोकलला आहे, रोज घरी जेवतो, आणि बुधवारी, शुक्रवारी, रविवारी तिने बिनकाट्याचं केलेलं म्हावरं खातो. नको म्हणायची सोय नाही. का, म्हणून विचारेल.

हे सगळं असंच घेऊन मी मेलो असतो. लिहायला बसलो ते पोरीमुळे.

तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. जावई पेणकडचा, ट्रेलरवरच आहे, लाईनला. घरात चार महिन्यांचं मूल आहे आणि ते संध्याकाळी जे रडायला लागतं ते थांबत नाही. मागच्या महिन्यात तिघं आमच्याकडे आली. बायकोने बोयटं तळली, पोरीला लहानपणापासून आवडतात म्हणून. ताट समोर आलं तसं तिने ते बोटाने पुढे सरकवलं.

"मी सोडलंय, आये."

बायकोचा हात थांबला. "कवापासून?"

"त्याच्या बारशापासून. ह्यांना लोकल लागंपर्यंत." मग माझ्याकडे बघून हसली. "आयेचं पावलं ना? माझं पण पावंल."

बायकोचे डोळे भरून आले. अभिमानाने आले, ते सगळ्यात वाईट. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "पावंल गो. वेळ लागतो, पण पावतो."

मी जावयाकडे बघितलं. तो मान खाली घालून भात कालवत होता. "विचारलंस का कुठे लोकलला?" मी म्हटलं.

"विचारलं ना बाबा," तो म्हणाला. "जागाच न्हाय."

तो खरं बोलत असेल. आजकाल जागा खरंच कमी आहेत, हे मला रोज रांगेत दिसतं. खरं बोलत असेल किंवा नसेल, मला ओळखता आलं नाही आणि पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं आणि त्याने उलटून माझ्याकडे बघितलं असतं तर? आत मूल रडायला लागलं, पोरगी उठली. जावयाने तिचं ताट हळूच आपल्याकडे ओढलं. माझ्या ताटातली तुकडी तोवर काटे काढून परत आली होती.

नऊ वर्षं परत करता येत नाहीत, आणि वडिलांपाशी जो अर्धा तास मी उभा राहायला हवा होतो तोही आता कुठे नेऊन देणार. जे देता येईल ते एवढंच आहे. बायकोला आणि पोरीला समोर बसवून मी एक वाक्य देणं लागतो: लोकल मिळत होती, मी घेतली नाही. ते मी अजून दिलेलं नाही.